बाण नसलेले धनुष्य

दहावीची परीक्षा संपल्यावर माझी भाची पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या पिशवीत कपड्यांपेक्षा खेळांचे सामान जास्त होते. मोठ्या भावाने सिंगापूरहून आणलेले, हातात मावणारे निन्टेन्डोचे जुने यंत्र घेऊन ती दुपारभर गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसलेली असे. ‘फायर एम्ब्लेम फेट्स’ हा २०१५ सालचा खेळ ती तेव्हा खेळत होती. त्यात जपानवर बेतलेल्या होशिदो राज्याची धाकटी राजकन्या साकुरा ही मिको, म्हणजे शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवस्थानातली सेविका असते. सुरुवातीला हातातल्या काठीने जखमी सोबत्यांना बरे करणे एवढेच तिला जमते, शस्त्र असे तिच्याकडे काहीच नसते. पुढे अनुभव जमा होतो, तिची पायरी वाढते आणि ती लढणारी मिको होते. ती पायरी ज्या दुपारी वाढली त्या दुपारी भाची ओरडतच स्वयंपाकघरात आली. “मावशी, साकुराला धनुष्य मिळालं! खऱ्या मिको पण असे बाण मारायच्या का गं?”

मी जपानीची अनुवादक आहे. यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि करारनामे हे माझे रोजचे काम, त्यामुळे मिको माझ्या कामात कधीच आल्या नाहीत, पण त्यांच्याविषयी मिळेल ते वाचण्याचा नाद मला वीसेक वर्षांपासून आहे. म्हणून उत्तर चटकन तोंडात आले. धनुष्य होते, बाण नव्हता. “म्हणजे?” असे म्हणून ती दारातच उभी राहिली, आणि मी जे सांगायला लागले ते तिची सुट्टी संपेपर्यंत पुरले.

त्या धनुष्याला अझुसा-युमी म्हणतात. अझुसा हे झाडाचे नाव आणि युमी म्हणजे धनुष्य. मिको ते समोर ठेवून त्याची दोरी बोटांनी किंवा बारीक काठीने छेडत राही. आजोळी गाद्यांचा कापूस पिंजायला येणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ताणलेली दोरी नुसती छेडली तरी किती दूरवर बोलते ते ठाऊक असेल. त्या एकसुरी नादाने देव किंवा मेलेले माणूस जवळ येते आणि मिकोच्या तोंडून बोलू लागते, अशी श्रद्धा होती. या बोलण्याला कुचियोसे असे नाव आहे. कुचि म्हणजे तोंड आणि योसे म्हणजे जवळ आणणे. ‘अंगात येणे’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी असल्यामुळे मराठी वाचकाला यातले निम्मे आधीच कळलेले असते. मात्र जपानी शब्दाचा सारा भर तोंडावर आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. कोणीतरी बोलले पाहिजे आणि ते ऐकायला कोणीतरी समोर बसलेले पाहिजे, एवढ्यासाठी तो सगळा विधी असतो.

‘नो’ या जपानच्या जुन्या रंगभूमीवरच्या ‘आओई नो उए’ या नाटकात हे फार स्पष्ट दिसते. आजारी आओईचे काम करणारा नट त्यात नसतोच, तिच्याऐवजी रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक घडी घातलेले वस्त्र अंथरलेले असते. तेरुही नावाच्या मिकोला बोलावले जाते. तिच्या अझुसाच्या नादाने आओईला छळणारा आत्मा पुढे येतो, आणि तो मेलेल्या कोणाचा नसून जिवंत असलेल्या रोकुजो या मानी, दुखावलेल्या स्त्रीचा आहे हे त्याच्याच तोंडून उघड होते. त्याला आवरण्यासाठी नंतर डोंगरातल्या तपस्व्याला बोलवावे लागते. कामांची ही वाटणी मला नेहमीच मोलाची वाटत आली आहे. हरवणे हे तेरुहीचे काम नव्हे. तू कोण आहेस, तुला काय झाले आहे, हे विचारून समोरच्याला बोलते करणे हे तिचे काम, आणि ते झाले नसते तर आपली जपमाळ कोणावर फिरवायची हे त्या तपस्व्याला कळलेच नसते.

हा धागा धरून मागे गेले की जपानच्या सर्वांत जुन्या कथांपर्यंत पोचता येते. ७१२ साली पुऱ्या झालेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथात सूर्यदेवी आमातेरासु रुसून गुहेत जाऊन बसते, तेव्हा आमे-नो-उझुमे ही देवी पालथ्या घातलेल्या टबावर पाय आपटत नाचते. तिच्या त्या अवस्थेला ग्रंथ कामीगाकारी म्हणतो, म्हणजे देवाचा संचार. अंगावरच्या वस्त्राचे तिला भान राहत नाही, जमलेले देव हसून हसून लोळतात आणि एवढे हसण्यासारखे काय घडले म्हणून आमातेरासु दार किलकिले करते. मिकोच्या नृत्याची सुरुवात इथे मानली जाते. पण मला त्याच ग्रंथातली जिंगू राणीची कथा अधिक बोलकी वाटते. तीत राजा चुआई कोतो हे तंतुवाद्य वाजवतो, ताकेउची नो सुकुने हा मंत्री देवाला प्रश्न विचारायला बसतो आणि राणीच्या मुखाने देव सांगतो की पश्चिमेला सोन्यारुप्याने भरलेला देश आहे. राजा म्हणतो, उंचावर चढून पाहिले तरी पश्चिमेला नुसता समुद्रच दिसतो, हा देव खोटे बोलतो आहे. तो वाद्य बाजूला सारतो. देव कोपतो. मंत्र्याच्या विनवणीवरून राजा पुन्हा नाइलाजाने तारा छेडू लागतो, थोड्या वेळाने सूर थांबतात, आणि दिवा जवळ आणून पाहतात तो राजा मेलेला असतो. वाजवणारा, विचारणारा आणि बोलणारी, असे तिघांचे ते काम आहे, आणि बोलणाऱ्या बाईच्या शब्दावर विश्वास न ठेवण्याची किंमत त्या तिघांतल्या राजानेच मोजली आहे.

याहून जुनी नोंद चिनी आहे. तिसऱ्या शतकात लिहिल्या गेलेल्या वेई राज्याच्या इतिहासात जपानमधल्या यामाताई देशाच्या हिमिको राणीचे वर्णन येते. ती भूतखेतांच्या मार्गाने चाले आणि लोकांना भुलवण्यात निपुण होती, असे इतिहासकार लिहितो. तिने लग्न केले नाही. राज्य चालवायला धाकटा भाऊ मदत करी. गादीवर आल्यावर तिचे दर्शन फार थोड्यांना झाले. तिच्या सेवेला हजार दासी होत्या, पण आत जाऊन तिला जेवण देणारा आणि तिचे शब्द बाहेर आणणारा पुरुष एकच होता. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुढे जाऊच शकले नाही. कोणाला न दिसणारी बाई, तिचे शब्द वाहून आणणारा एक माणूस, आणि त्या शब्दांवर चालणारा एक देश! ती गेल्यावर पुरुष राजा गादीवर बसवला, तो कोणी मानला नाही, आपसात हजारावर माणसे मारली गेली आणि शेवटी हिमिकोच्याच कुळातल्या तेरा वर्षांच्या मुलीला राणी केल्यावर देश शांत झाला, असेही तो इतिहास सांगतो. २०१३ सालच्या ‘टूम रेडर’ या खेळात ही हिमिको येते, पण तिथे ती वादळे उठवणारी, दुसऱ्यांची शरीरे बळकावणारी राणी आहे. वादळ पडद्यावर दाखवता येते. एका माणसाच्या तोंडून बाहेर येणारे शब्द देश कसा एकत्र धरत असतील, हे दाखवणे खरेच कठीण आहे.

इसे येथे आमातेरासुच्या सेवेला पाठवल्या जाणाऱ्या अविवाहित राजकन्यांविषयी, म्हणजे साइओंविषयी, इथे थोडक्यातच लिहिते, कारण त्यांना मिको म्हणावे की नाही यावर वाद होऊ शकतो. सातव्या शतकातल्या राजकन्या ओकुपासून चौदाव्या शतकापर्यंत, सुमारे साडेसहाशे वर्षांत, साठाहून अधिक मुली अशा पाठवल्या गेल्या. त्यांच्या वाड्यात काही शब्द उच्चारायला बंदी होती आणि त्यांच्या जागी वापरायचे शब्द दहाव्या शतकातल्या ‘एंगीशिकी’ या नियमसंहितेत नोंदवलेले आहेत. मुंडन केलेल्या बौद्ध भिक्षूला ‘लांब केसांचा’ म्हणायचे. मरण्याला ‘बरे होणे’ म्हणायचे. वयात येण्याआधी किंवा नुकत्याच वयात आलेल्या त्या मुली दूरच्या वाड्यात ही उलटी भाषा बोलत वाढत असतील, आणि राजधानीतून कोणाच्या मृत्यूची बातमी आली की ‘ते बरे झाले’ एवढेच त्यांच्या कानांवर पडत असेल.

राजवाड्यापासून दुसऱ्या टोकाला होत्या त्या चालत्या मिको, जपानीत आरुकी-मिको. पाठीशी एक पेटी घेऊन त्या गावोगाव हिंडत आणि ज्याच्या घरी नुकतेच कोणी गेले असेल तिथे बसून त्या गेलेल्याला बोलते करीत. शिनानो प्रांतातले, म्हणजे आजच्या नागानोतले, नेत्सु नावाचे गाव त्यांचे मोठे ठिकाण होते. त्याच प्रांताशी मोचिझुकी चियोमे या बाईची कथा जोडलेली आहे. सोळाव्या शतकातल्या ताकेदा शिंगेन या सेनापतीसाठी तिने मिकोंच्या वेषात हेर स्त्रियांचे जाळे विणले, असे सांगतात. त्या काळचा पुरावा या कथेला नाही, ती विसाव्या शतकात पसरली. पण खेळ बनवणाऱ्यांनी ती घट्ट धरली. भाचीच्या लॅपटॉपवरच्या ‘ओव्हरवॉच’मध्ये २०२२ साली आलेली किरिको अर्धी निंजा आणि अर्धी मिको आहे. तिने सोडलेल्या मंत्राच्या कागदी पट्ट्या सोबत्यांच्या जखमा भरतात, तिने फेकलेली घंटा त्यांना क्षणभर अभेद्य करते आणि दुसऱ्या हाताने ती कट्यारी फेकते. हिंडणाऱ्या मिकोचे सगळे सामान तिच्यापाशी आहे. तिच्यापाशी बसून रडणारे घर तेवढे नाही.

१८७३ सालच्या जानेवारीत मेइजी सरकारच्या धर्मखात्याने फर्मान काढले. अझुसा-मिको, कुचियोसे, अंगातला कोल्हा उतरवणे, हे सगळे लोकांना भुलवणारे प्रकार असून ते यापुढे पूर्ण बंद, असा त्याचा मजकूर होता. हिमिकोविषयी त्या चिनी इतिहासकाराने जे चित्राक्षर वापरले होते तेच भुलवण्याचे चित्राक्षर सोळाशे वर्षांनंतरच्या या फर्मानातही आहे. नव्या, आधुनिक राष्ट्राला आपला शिंतो स्वच्छ आणि शिस्तीचा हवा होता, आणि मेलेल्यांच्या तोंडून कोण काय बोलेल यावर तर कोणत्याच सरकारचा अंमल चालत नाही. फसवणूक करणाऱ्या मिको नव्हत्याच असे माझे म्हणणे नाही. शोकात बुडालेल्या माणसाला लुबाडणे फार सोपे असते आणि ते सर्व काळी घडत आले आहे. पण त्या फर्मानाने फसवणूक आणि सांत्वन यांत निवड केली नाही, सरसकट तोंडच बंद केले.

नाच तेवढा वाचला. नारा येथील कासुगा ताइशा देवस्थानात मिकोनृत्याची परंपरा जुनी होती, आणि तिथल्या तोमिता मित्सुयोशी यांच्यासारख्यांनी ती नव्या काळाला मानवेल अशा रीतीने सांभाळली. आजची मिको बहुतांशी या वाटेने आलेली आहे. पांढऱ्या वस्त्रावर लाल हाकामा, म्हणजे घेरदार विजार, घातलेली, केस मागे बांधलेली ही मुलगी अंगण झाडते, ताईत आणि चिठ्ठ्या विकते आणि सणाला नाचते. नववर्षाच्या गर्दीत तर महाविद्यालयातल्या मुली काही दिवसांच्या रोजगारासाठी हे काम करतात. त्या दिवसांत देवस्थानात हामाया नावाचे, अरिष्ट मोडणारे शुभ बाणही विकायला असतात. धनुष्य सोबत नसते, घरी नेऊन ठेवायला नुसता बाण मिळतो. भाचीच्या प्रश्नाचे उत्तर आज असे उलटे झाले आहे.

नाराजवळच्या एका लहान गावात मी असा नाच फार जवळून पाहिला आहे. शरद ऋतूतल्या उत्सवाची दुपार होती आणि गावातल्याच शाळकरी वयाच्या चार मुली ‘उरायासु नो माइ’ नाचत होत्या. अर्धा नाच लाकडी पंख्याचा होता, उरलेला अर्धा घंटांचा. त्या घंटांच्या मुठीवर तीन मजले असतात, वर तीन, मध्ये पाच, खाली सात अशा पंधरा घुंगरघंटा, आणि मुठीच्या टोकाला लांब पंचरंगी फिती. मुलगी उजव्या हाताने मूठ धरते आणि फिती डाव्या हाताने अलगद तोलून धरते, म्हणजे त्या जमिनीला लागत नाहीत. मनगट जेमतेम एक झटका देते, पंधराही घंटा एकाच वेळी वाजतात आणि एकाच वेळी थांबतात. गाणे ध्वनिवर्धकावरून येत होते. सबंध नाचात त्या मुली एक अक्षरही बोलल्या नाहीत आणि त्यांनी कोणाच्या डोळ्यांतही पाहिले नाही. संपल्यावर सगळ्यांत धाकटी मंडपामागे जाऊन मनगट चोळत बसली होती, तिच्या आईने तिला पाणी दिले.

हा नाच प्राचीन दिसतो, पण तो १९४० सालचा आहे. जपानच्या पहिल्या सम्राटाच्या राज्यारोहणाला २६०० वर्षे झाली असे मानून त्या वर्षी मोठा सोहळा झाला, त्यासाठी दरबारी संगीतकार ओनो तादातोमो यांनी तो बसवला आणि १० नोव्हेंबरला देशभरच्या देवस्थानांत तो एकाच वेळी सादर झाला. त्यातले गाणे म्हणजे सम्राट हिरोहितो यांची १९३३ सालची कविता आहे. पहाटेच्या निवांत समुद्रासारखे, लाटा न उठणारे जग असू दे, अशी ती प्रार्थना आहे. चीनमधले युद्ध तेव्हा चौथ्या वर्षात होते. ज्या मुलींच्या तोंडून पूर्वी मेलेले बोलत, त्या आता सम्राटाच्या शब्दांवर मुकाट्याने नाचत होत्या. नाच सुंदर आहे, त्या दुपारी माझे डोळे भरून आले होते, आणि तरीही ही गोष्ट मला विसरता येत नाही.

बोलणाऱ्या मिको पुरत्या संपल्या मात्र नाहीत. उत्तरेच्या आओमोरी प्रांतात इताको नावाच्या अंध स्त्रिया कुचियोसे करीत राहिल्या. लहान वयात गुरूकडे राहून मंत्र पाठ करायचे आणि पुढे त्यावर पोट भरायचे, अशी ती वाट होती. जुलैच्या उत्तरार्धात ओसोरेझान डोंगरावरच्या उत्सवात आपल्या माणसांशी बोलायला आलेल्यांच्या रांगा त्यांच्यासमोर लागत. आता त्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत.

खेळांकडे मी या वाटेने आले, आणि म्हणून माझी नजर कदाचित एकाच गोष्टीवर खिळलेली असेल. १९८६ साली ताइतो कंपनीच्या ‘किकी काइकाइ’मध्ये सायो ही छोटी मिको कागदी पट्ट्या फेकत आणि झिरमिळ्यांची काठी फिरवत भुतांच्या झुंडीतून वाट काढते. देवाला वाहायच्या आणि शुद्धीसाठी वापरायच्या वस्तूंची शस्त्रे तेव्हापासून ठरून गेली. १९९०च्या दशकात सुरू झालेल्या ‘तोहो’ मालिकेची नायिका हाकुरेइ रेइमु हिच्यातही हेच सामान आहे, पण त्या मालिकेच्या एकट्या निर्मात्याने तिच्याविषयी एक विलक्षण गोष्ट योजली आहे. तिच्या देवस्थानात नेमका कोणता देव आहे हे कोणालाच माहीत नाही, तिलाही नाही. दानपेटी रिकामी असते आणि ती अंगण झाडत असते. त्याच विश्वातल्या एका ‘मांगा’ चित्रकथेत ती देवांना बोलावून अंगावर घ्यायला शिकतेही, पण खेळात मला आठवते ती देव ठाऊक नसलेली, तरी रोज झाडू मारणारी मुलगी. १८७३ नंतरच्या मिकोचे इतके नेमके चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

दोन खेळ मला त्याहून जवळचे वाटतात. २००१ सालच्या ‘फायनल फँटसी टेन’मधली युना नावाने मिको नाही, पण किलिका बंदर उद्ध्वस्त झाल्यावर ती अनवाणी पाण्यावर चालत जाते आणि बुडवलेल्या शवपेट्यांच्या वर नाचते. पाणी तिला उचलून धरते, मेलेल्यांचे प्राण उजेडाच्या धाग्यांसारखे वर जातात आणि काठावर माणसे रडत असतात. जुनी मिको मेलेल्यांना बोलावी, युना त्यांना निरोप देते. दिशा उलटी आहे, पण रडणारे काठावर आहेत आणि तिला त्यांची जाणीव आहे. दुसरा खेळ ‘झीरो’ या भयकथांच्या मालिकेतला २०१४ सालचा. त्यातल्या डोंगरावरच्या मिको मरायला आलेल्या माणसांची गुपिते आणि दुःखे स्वतःत घेतात. त्यांच्या त्या शक्तीला ‘मितोरी’ म्हटले आहे. रोजच्या जपानीत या शब्दाचा अर्थ मरणाऱ्याजवळ शेवटपर्यंत बसून राहणे असा होतो. त्या मिकोंचा शेवट भयानक आहे, कारण इतके ऐकलेले एका देहात मावत नाही. तेरुहीने काय सोसले असेल हे कोणत्या नाटकाने सांगितले नाही, ते या खेळाने सांगितले.

बाकीच्या खेळांत ती का बोलत नाही याचा विचार करताना मला आपल्या भाषेतला ताबा हा शब्द आठवत राहिला. खेळणाऱ्याचा यंत्रावर ताबा असतो, आणि भूतही माणसाचा ताबाच घेते. पडद्यावरच्या मिकोच्या अंगात आणखी एक देव यायचा तर खेळणाऱ्याला आपला ताबा सोडावा लागेल, बटणे दाबूनही काही घडणार नाही आणि नुसते ऐकत बसावे लागेल. कदाचित म्हणूनच तिला धनुष्य मिळते तेव्हा सोबत बाणही मिळतो. किंवा मग असे म्हणावे लागेल की ती जागा आधीच भरलेली आहे, कारण तिच्या अंगात खेळणारी मुलगी आलेली आहे.

हे सगळे मी भाचीला एका बैठकीत सांगितले नाही. थोडे भांडी आवरताना, थोडे फिरायला गेल्यावर. शेवटच्या संध्याकाळी सामान भरता भरता तिने विचारले, “मावशी, मेलेलं माणूस त्या मिकोच्या तोंडून बोलायचं ना, तेव्हा ती ‘तो म्हणतोय’ असं सांगायची की ‘मी’ म्हणायची?”

“मी,” मी म्हटले. “समोर बसलेल्या बाईला ती ‘मी तुझा नवरा’ असंच म्हणायची.”

ती काही बोलली नाही. पिशवीची चेन लावून ती आतल्या खोलीत गेली, लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला, मग किरिकोच्या घंटेचा. मी डाळीला फोडणी देत होते. दहाएक मिनिटांनी आतून ती ओरडली, “मावशी, मेले मी!” आणि मी गॅस बारीक करते तोवर, “थांब, आले परत.”